दरडीचा नकाशा : ड्रोन छायाचित्रण आणि लेझर मोजणी सेवेचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैत आमच्या वाडीमागच्या डोंगराचा एक भाग खाली आला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण अकरा कुटुंबांची भातखाचरे, एक विहीर आणि शाळेची पायवाट दगडमातीखाली गेली. आम्ही महाड तालुक्यातले. २२ जुलै २०२१ रोजी तालुक्यातल्याच तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचा जीव गेला; त्यानंतर पावसाळ्याच्या रात्री इथे कोणी निर्धास्त झोपत नाही. रीतसर पंचनामा झाला आणि त्यात शेतीचे नुकसान नोंदले गेले. पण उरलेला डोंगर कितपत धरून आहे, हा काही पंचनाम्याचा विषय नव्हे. म्हणून वाडीच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून एका खासगी सर्वेक्षण कंपनीला ड्रोनने मोजणी करण्याचे काम दिले. सेवानिवृत्त स्थापत्य अभियंता असल्याने देखरेख माझ्याकडे आली.

नोव्हेंबरमध्ये तिघांचे पथक दोन दिवस राहून गेले. त्यांनी शाळेच्या पटांगणात उपग्रह-संकेत घेणारे स्थिर यंत्र उभे केले, खाचरांत आणि पायवाटेवर ठळक काळ्यापांढऱ्या खुणा मांडून प्रत्येकीचे स्थान स्वतंत्रपणे मोजले आणि मगच ड्रोन उडवला. उतारावर एकाच पातळीत उडवले तर पायथ्याची छायाचित्रे भरड येतात आणि माथ्याशी झाडाला धडकण्याचा धोका राहतो, म्हणून जमिनीपासूनचे अंतर कायम राहील अशा रीतीने उड्डाण आखले होते. पथकाच्या या शिस्तीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

छायाचित्रांवरून तयार झालेला नकाशा उघड्या जमिनीपुरता उत्तम आहे. एकमेकांवर बरीचशी चढणारी शेकडो छायाचित्रे जुळवून तो बनतो आणि त्यात गाडला गेलेला बांध कुठे तुटला, ओढ्याने पात्र कुठे बदलले, हे स्पष्ट दिसते. मात्र पहिल्या अहवालात गटनंबरच नव्हते. शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरची किती गुंठे जमीन गेली हे कळत नसेल, तर त्या सुंदर रंगीत चित्राचा त्याला काय उपयोग? मागणी केल्यावर कंपनीने गावनकाशा त्यावर बसवून दिला. हे काम करारातच लिहून घ्यावे, असे मी आवर्जून सांगेन.

खरे मोल ड्रोनवरून केलेल्या लेझर मोजणीचे. कॅमेऱ्याला झाडाचा शेंडा दिसतो आणि तिथेच त्याचे काम संपते. लेझरचा एक झोत पानांवर आदळून अंशतः परततो, उरलेला फटींतून खाली जाऊन जमिनीवरून परततो. असे लाखो बिंदू गोळा करून झाडोऱ्याचे बिंदू गाळले की खालची उघडी जमीन संगणकावर उभी राहते. आमच्या दरडीच्या माथ्यावर करवीची दाट झुडपे आहेत. छायाचित्रात तिथे नुसते हिरवे रान होते, पण लेझरच्या चित्रात तुटल्या कड्याच्या मागे, साधारण वीस मीटरवर, कमानीसारखी वळलेली एक बारीक रेघ दिसत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे कोयत्याने वाट करत वर गेलो. पाचोळा बाजूला सारला तेव्हा खाली वीतभर रुंदीची भेग होती आणि तिच्यात घातलेली हातभर काठी तळाला टेकली नाही. तिथे वर्षानुवर्षे गुरे चारणारे आमचे आबा खाली बसले आणि एवढेच म्हणाले, “अरे, हिच्यावरूनच तर आम्ही रोज जात होतो.” आमच्याकडे काळ्या कातळावर मुरमाचा आणि मातीचा थर आहे; अशा भेगेतून पावसाचे पाणी थेट त्या सांध्यापर्यंत पोचते, तिथे दाब वाढतो आणि वरचा थर सुटतो. म्हणूनच, होऊन गेलेल्या नुकसानीपेक्षा ही एक रेघ मला अधिक महत्त्वाची वाटते.

अहवालातील सर्वांत कच्चा भाग म्हणजे वाहून आलेल्या मातीचे घनमान. ते काढण्यासाठी दरडीपूर्वीची पातळी लागते आणि ती आमच्याकडे नव्हती. उपग्रहावरून मिळणाऱ्या उंचीच्या खुल्या नोंदीत तीस मीटरच्या चौकोनाला एकच आकडा असतो; त्यावरून दोन-तीन मीटर जाडीचा थर मोजता येत नाही. कंपनीने आजूबाजूच्या उतारावरून जुनी जमीन अंदाजाने आखली, पण आकडा मात्र पक्क्या मोजणीसारखा छापला. मी हरकत घेतल्यावर सुधारित अहवालात कमाल आणि किमान अशी मर्यादा आली. तपासणीच्या खुणांवर मोजणी किती चुकली याचा तक्ताही तेव्हाच मिळाला. तो न मागता मिळायला हवा होता. ओढ्यातील डबक्यांच्या जागी लेझरच्या चित्रात पोकळ्या आहेत, पण पाणी तो प्रकाश शोषून घेत असल्यामुळे त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही.

नुसत्या छायाचित्रणाच्या तुलनेत लेझरचा खर्च आम्हाला बराच अधिक पडला. उघड्या माळावरच्या दरडीसाठी तो करू नये, पण सह्याद्रीच्या झाडीभरल्या उतारावर टाळू नये. सगळे मूळ बिंदू मात्र स्वतःच्या ताब्यात घ्यावेत. आमचे पुढचे उड्डाण त्याच खुणांवरून मे महिन्यात, करवीची पाने गळल्यावर ठरले आहे. तोवर भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या असून दर रविवारी वाडीतली दोन मुले टेपने त्यांतील अंतर मोजून शाळेच्या वहीत लिहितात.