अहवालासाठी तिरो की मुक्ता?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या सोसायटीचा वार्षिक अहवाल मी टाइप करतो. वाचणारे निम्मे साठीच्या पुढचे. विंडोजमधला 'मंगल' फॉन्ट सोडायचं ठरल्यावर माझ्यापुढे दोनच फॉन्ट उरले: तिरो देवनागरी मराठी आणि मुक्ता. दोन्ही युनिकोड, दोन्ही फुकट.

दिसायला तिरो उजवा, हे आधीच कबूल करतो. बोरूच्या वळणाची जाड-बारीक रेघ, पाकळीचा ल, देठाचा श. राज्य शासनाने 2022 मध्ये हीच दोन रूपं पुन्हा प्रमाण ठरवली. लहानपणी पाटीवर गिरवलेलं अक्षर छापलेलं दिसलं की मला बरं वाटतं. हिंदी आणि संस्कृतसाठीचे तिरो वेगळे आहेत, तेव्हा उतरवून घेताना 'मराठी' एवढं पाहून घ्या. स्मरणिका, लेख, असा सलग मजकूर असेल तर मी आजही तिरोच घेईन.

पण अहवाल म्हटला की मथळे आले, तक्ते आले, ठळक रकमा आल्या. आणि तिरोत ठळक अक्षर मुळात काढलेलंच नाही. साधं आणि तिरपं, बस. वर्डमध्ये बोल्ड केलं की तो साध्याच अक्षराला फुगवतो. पडद्यावर ते खपून जातं. बर्डीच्या बाजारातून झेरॉक्स होऊन प्रती आल्या, तेव्हा 'निधिवृद्धी', 'उद्दिष्टे' यांतल्या द्ध आणि द्दची पोटं शाईने भरली होती. शेजारच्या काकांनी कागद ट्यूबलाइटखाली धरला आणि म्हणाले, "काय लिहून ठेवलं रे बाबू, सगळं काळंच दिसून राहिलं." 35 प्रती पुन्हा काढल्या.

मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्तात बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं (जाडीच्या पायऱ्या) आहेत, ठळक अक्षर फुगवून केलेलं नाही. जाड अक्षरातही जोडाक्षराची पोकळी मोकळी राहते. झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी काकांना वाचता आलं. मथळ्याला बोल्डचं बटण न दाबता यादीतून 'मुक्ता सेमीबोल्ड' निवडा. मुक्ताचं अक्षर थोडं कोरडं वाटतं, हे खरं. शिवाय ओळींमधली जागा तो स्वतःच ऐसपैस घेतो, त्यामुळे दीडपट अंतर दिलं तर पानं उगीच वाढतात. मी 12 पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये नेमकं 18 पॉइंट अंतर देतो. रफार-वेलांट्या कापल्या जात नाहीत. तुमचा मजकूर वेगळा असेल तर एक पान छापून बघा.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्डची फाइल टाकू नका, पीडीएफ टाका. ज्याच्या फोनमध्ये फॉन्ट नाही, त्याला सगळी मांडणी हललेली दिसते.