छताला बॉन्ड कोट: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या जुन्या सदनिकेच्या छताला मुळात प्लास्टर नव्हतेच. स्लॅबवर थेट चुना आणि त्यावर डिस्टेंपरचे अनेक हात होते. गेल्या उन्हाळ्यात तेथे जिप्सम प्लास्टर करून घेतले आणि त्याआधी छताला व बीमला डब्यात तयार मिळणारा, बारीक वाळू मिसळलेला बॉन्ड कोट, म्हणजे प्लास्टर घट्ट धरून ठेवणारा चिकट थर, लावला. पावसाळा उलटल्यावर संपूर्ण छत लाकडी मुठीने ठोकून पाहिले. स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात, जेथे कामगारांनी माळ्यामागचा डिस्टेंपर खरवडलाच नव्हता, तेवढ्याच भागात पोकळ आवाज येतो.

बॉन्ड कोट ज्या थरावर लावाल त्यालाच चिकटतो, आणि तो थर स्वतःच सुटत असेल तर प्लास्टरसकट खाली येतो. म्हणून नवख्या माणसाने डबा उघडण्याआधी ओला तळहात छतावर घासून पाहावा. पांढरी पूड हाताला लागली, तर खरवडायचा पत्रा आणि तारेचा ब्रश घेऊन पुन्हा कामाला लागावे. नव्या स्लॅबला शटरिंगचे, म्हणजे ओतकामाच्या साच्याला लावलेले, तेल असते आणि तेथे शिंपडलेले पाणी शोषले न जाता थेंबांच्या रूपात राहते. असा भाग आधी धुऊन काढावा लागतो. हे खरवडणे मान आणि डोळे दोन्हींची परीक्षा पाहते, तेव्हा चष्मा विसरू नये.

रोलरने लावणे मात्र सोपे आहे. वाळू तळाशी बसत असल्याने डबा वरचेवर ढवळावा लागतो, आणि वाळल्यावर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. ‘पुरेसे वाळू द्यावे’ एवढीच मोघम सूचना डब्यावर छापलेली आहे, ही माझी मुख्य तक्रार.

विटांच्या भिंतींना हा खर्च करण्याची मला तरी गरज वाटली नाही. तेथे सिमेंटचे प्लास्टर करायचे होते. सांधे सुमारे 10 मिमी खोल खरवडून, भिंत झाडून, आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मारले, की वीटच प्लास्टर धरते. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे पाणी टाळले, तर वीट मसाल्यातील (सिमेंट-वाळूच्या मिश्रणातील) पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चे राहते. मात्र प्लास्टर चढवताना भिंत दमट असावी, चकाकणारी नव्हे. बीम आणि विटांच्या सांध्यावर, तसेच वायरिंगच्या भरलेल्या खाचांवर, दोन्ही बाजूंना पसरेल अशी चिकन मेश (तारेची जाळी) ठोकून घेतली होती, आणि त्या रेषांवर अद्याप तडा नाही.

न्हाणीघरासाठी हाच डबा वापरण्याचा मोह टाळावा. पीव्हीए प्रकारचा (पांढऱ्या गोंदाच्या जातीचा) बॉन्ड ओलाव्याने पुन्हा मऊ पडू शकतो. तेथे सिमेंटच्या स्लरीत (पातळ घोळात) एसबीआर, म्हणजे ओलाव्यात टिकणारे रबरी लॅटेक्स, मिसळणे योग्य. दुकानदार दोन्हींना सरसकट ‘बॉन्ड’च म्हणतात, तेव्हा डब्यावरील घटक वाचूनच पैसे द्यावेत.