उघडणाऱ्या छताचा आधार: वेल्डिंग की बोल्टची पट्टी?

युरोपातील जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत), वर उचलल्या जाणाऱ्या फायबरग्लासच्या छताला तोलणाऱ्या आधाराचे पोलादी ब्रॅकेट तडकले, तर मालकापुढे दोन मार्ग असतात: तडा वेल्डिंगने भरणे किंवा मागून पोलादी पट्टी लावून ती बोल्टने आवळणे. वेल्डिंगमुळे मूळ मापे टिकतात. मात्र ब्रॅकेट उतरवून न घेता जागेवरच काम केले, तर ठिणग्यांनी छताखालचे तंबूचे कापड जळू शकते. ब्रॅकेटवरचा जस्ताचा थर आधी घासून काढला नाही, तर निघणारा धूर घातक असतो, आणि पातळ पत्रा पुष्कळदा सांध्याच्या कडेलाच पुन्हा तडकतो.

पट्टी भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि घरच्या हत्यारांनीही बसते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो पुढे सरकणे आधी थांबवावे, आणि भोकांच्या कडांना गंजरोधक रंग लावण्याचा (इथेच बहुतेक जण कंटाळा करतात) आळस करू नये. छतावर सौर पॅनेल असेल, तर माझा कौल पट्टीला. गाडीचे मूळ रूप जपायचे असेल, तरच वेल्डिंगला. दोन्ही कामांत छत आधी भक्कम लाकडी टेकूंवर घ्यावे, आणि गॅस स्ट्रट (छत उचलून धरणारे, दाबाखालचा वायू भरलेले दांडे) थकले असल्यास ते जोडीनेच बदलावेत.