खाऱ्या पाण्यात कोणता इलेक्ट्रोड? कार्बन डायऑक्साइडसाठी कोणता?

समुद्राच्या पाण्यात इलेक्ट्रोड, म्हणजे वीज नेणाऱ्या पट्ट्या, बुडवून हायड्रोजन काढायचा, तर तो निघतो कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर), पण खरी कसोटी अ‍ॅनोडची, म्हणजे धन इलेक्ट्रोडची. तिथे ऑक्सिजन निघायला हवा. पण लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड (मिठातलं क्लोरीन) वाटेत आडवं येतं. कागदावर ऑक्सिजनला 1.23 व्होल्ट लागतात आणि क्लोरीनला 1.36. प्रत्यक्षात ऑक्सिजनच्या रेणूसाठी चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, क्लोरीनचं दोनांत भागतं. त्यामुळे बाजी बहुधा क्लोरीनच मारतो.

रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनियम सगळ्यात मुरलेलं. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा क्लोर-अल्कली उद्योग त्याच्यावरच चालतो. म्हणूनच ते इथे नको. किलोभर हायड्रोजनमागे 35 किलोच्या आसपास क्लोरीन निघाला, तर तो ठेवणार कुठे? हायपोक्लोराइटच (ब्लीचमधला पदार्थ) हवं असेल, तर मात्र डोळे झाकून हेच घ्या.

पाण्यात अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखा पदार्थ) न मिसळता ऑक्सिजन हवा असेल, तर मँगनीज-मॉलिब्डेनम ऑक्साइड. जपानच्या तोहोकु विद्यापीठात कोजी हाशिमोतो यांच्या गटाने हे अ‍ॅनोड घडवले. क्लोरीन जवळपास निघतच नाही, हे त्यांचं मोठं बळ. पण खालच्या टायटॅनियमवर वीज अडवणारा ऑक्साइड साचू नये म्हणून मध्ये इरिडियम ऑक्साइडचा थर द्यावा लागतो, आणि इरिडियम अतिशय दुर्मीळ. शिवाय व्होल्टेज फार चढवलं तर मँगनीजचं परमँगनेट होऊन विरघळतं. पाण्याला जांभळट झाक आली, तर लेप झिजतोय असं समजावं.

निकेल-लोह हायड्रॉक्साइड स्वस्त आणि चपळ, पण त्याला अल्कली लागते. अल्कधर्मी पाण्यात ऑक्सिजन आणि हायपोक्लोराइट यांच्यात सुमारे 0.48 व्होल्टचं अंतर पडतं आणि तेवढ्या पट्ट्यात क्लोराइड गप्प राहतं. 2019 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने खाली निकेल सल्फाइडचा थर देऊन असा अ‍ॅनोड हजार तासांहून अधिक चालवला. मेख अशी की समुद्राच्या पाण्यात अल्कली टाकताच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो. तो आधी गाळून काढावा लागतो. साधं समुद्रपाणी वापरलं तर हाच साका कॅथोडवर चढतो, मग कॅथोड कितीही भारी असो.

आता एक आगाऊ सल्ला. किलोभर हायड्रोजनला सुमारे 50 युनिट वीज लागते आणि पाणी फक्त 9 लिटर. तेवढं पाणी आरओने गोडं करायला 0.03 ते 0.04 युनिट पुरतात. गोड्या पाण्याचा प्लांट बसवता येत असेल, तर खाऱ्या पाण्याशी थेट झुंज कशाला?

आता कार्बन डायऑक्साइडची बाजू. त्यापासून थेट विजेने उपयोगी पदार्थ बनवायचे तर चांदीवर कार्बन मोनॉक्साइड मिळतो, कथील किंवा बिस्मथवर फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा क्षार). एकच पदार्थ हवा असेल तर हे भरवशाचे. तांब्यावर इथिलीनसारखे किमती पदार्थ बनतात, पण सोबत डझनभर इतरही, आणि त्यांना वेगळं करण्यातच जीव जातो. अल्कधर्मी द्रावणात बराचसा वायू कार्बोनेट होऊन वाया जातो, तो तोटा वेगळाच.

मिथेनच हवा असेल, तर मी इलेक्ट्रोड सोडून निकेलचा उत्प्रेरक घेईन. झिर्कोनियावर (झिर्कोनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेल्या निकेलवरून तीनेकशे अंशांना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड सोडले की मिथेन आणि पाणी मिळतं. हाशिमोतोंच्या गटानेही हीच वाट धरली होती. फक्त वायूतलं गंधक आधी काढा. निकेलला ते सोसत नाही.