छेदिकेचा पट्टी-संच: घ्या, पण बोल्ट बदलून

तीन लाकडी पट्ट्या, दोन पारदर्शक पूर्ण गोल कोनमापक आणि दोन बोल्ट, एवढाच हा संच. दोन पट्ट्या म्हणजे दोन रेषा, आणि त्या दोघींना छेदणारी तिसरी पट्टी म्हणजे छेदिका. आठवीच्या ‘समांतर रेषा व छेदिका’ या धड्यासाठी रत्नागिरीकडच्या शाळांनी तो जरूर घ्यावा.

बऱ्याच संचांत समांतर पट्ट्या पक्क्या ठोकलेल्या असतात. मग संगत कोन, म्हणजे दोन्ही सांध्यांवर सारख्याच जागी येणारे कोन, नेहमी समानच असतात असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसतं. इथे खालची पट्टी मोकळी फिरते आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. दोन्ही सांध्यांवर ७० अंश लावा आणि आठही कोन मोजायला सांगा. चार ७०चे, चार ११०चे निघतात. आता खालची पट्टी ५५ वर आणा. संगत कोन जुळेनासे होतात. आंतरकोनांची, म्हणजे दोन पट्ट्यांच्या मधल्या कोनांची, बेरीज छेदिकेच्या एका बाजूला १६५, दुसऱ्या बाजूला १९५ येते, आणि १६५च्या बाजूला पट्ट्या वाढवल्या की त्या एकमेकींना मिळतात. एकाच सांध्यावरचे समोरासमोरचे विरुद्ध कोन मात्र तरीही समान, आणि रेषीय जोडीची, म्हणजे एका सरळ रेषेवरच्या शेजारच्या दोन कोनांची, बेरीजही १८०च! कोणत्या गुणधर्माला समांतरपणा लागतो आणि कोणत्याला नाही, हे फळ्यावरच्या आकृतीत इतकं लख्ख दिसत नाही.

बंदराजवळची शाळा असेल तर जोडीला मासेमारीच्या जाळ्याचा हातभर तुकडा आणावा. ताणला की चौकटीचे कोन बदलतात, शेजारच्या दोन कोनांची बेरीज मात्र १८० राहते.

कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, त्यामुळे ७०च्या जागी ११० वाचलं जातं. मोजण्याआधी कोन लघु की विशाल, हे मुलांकडून वदवून घ्या.

दोष बोल्टांत आहे. भोकं सैल आहेत. ५ सेंमी त्रिज्येच्या कोनमापकावर पट्टी कडेला १ मिमी सरकली तरी एक अंशाहून जास्त फरक पडतो. समांतर पट्ट्यांच्या आंतरकोनांची बेरीज १७८ किंवा १८२ आली की ‘नियम चुकला’ असं मुलं म्हणतात. नियम चुकलेला नसतो, पण मुलांचीही चूक नसते, त्यांनी नीट मोजलेलं असतं; पट्टीच सरकलेली असते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वायसर घातला की पट्टी डगमगत नाही. शिवाय बोल्ट लोखंडी आहेत. खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजून आवळतात, मग जोर लावताना पट्टी भोकाशीच चिरते. आणल्या दिवशीच पितळी बोल्ट बसवा, आणि जूनआधी लाकडाच्या कडांना वॉर्निशचा हात द्या.