'मेक्सिकन लॉनचं बी' म्हणून लावलेला चुना

घरापुढे लॉन करायचंय, कार्पेट (मुळा-मातीसकट कापलेलं तयार गवत) आणावं की बी पेरावं, असा विचार चालू असेल आणि कोणी 'मेक्सिकनचं बी' निम्म्या पैशात द्यायला निघाला असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

आम्ही पुण्यात राहतो. बागेची कामं घेणारा एक जण आला आणि त्याने हिशोब मांडला. कार्पेट उरुळी कांचनकडून टेम्पोने आणायचं, त्याचं भाडं, वर मजुरी, शिवाय निम्मे तुकडे वाळणार. "त्यापेक्षा बी टाका साहेब, आठवड्यात हिरवंगार." बी मेक्सिकनचंच, इंपोर्टेड. पाकिटावर गोल्फच्या मैदानाचा फोटो.

डिसेंबरात पेरणी झाली आणि खरोखरच आठवडाभरात कोंब वर आले. जानेवारीत येणारे-जाणारे फाटकाशी थांबून बघायचे. उरलेले पैसे त्याने तेव्हाच नेले. मार्चमध्ये कडा पिवळ्या पडल्या, एप्रिलमध्ये सगळ्याचं पाचट झालं. फोन केला तर म्हणे, पाणी कमी पडलं. नंतर फोन उचलणंच बंद.

पाकिटात राय गवताचं बी होतं. उरलेलं बी ओळखीच्या एका कृषी पदवीधराने तळहातावर घेतल्या घेतल्या ओळखलं. राय थंड हवेतलं गवत. भराभर उगवतं, झकास दिसतं आणि आपल्या उन्हाळ्यात मरतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोल्फ मैदानांवर थंडीत सुप्त पडणाऱ्या हरळीवर ते मुद्दाम पेरतात, थंडीपुरत्या हिरवाईसाठी. गवत वाईट नाही, ते मेक्सिकन म्हणून विकणं ही लबाडी. आणि वेळ बघा: पेरणी थंडीत, वसुली हिरवं असताना, मरण उन्हाळ्यात.

नर्सरीवाले ज्याला मेक्सिकन म्हणतात ते झोयसिया जातीचं बारीक पात्याचं गवत. ते अगदी सावकाश पसरतं आणि आपल्याकडे कार्पेटने किंवा ठोंब लावूनच करतात. गोल्फच्या हिरवळीवरच्या टिफड्वार्फसारख्या संकरित हरळीला तर रुजणारं बीच धरत नाही. त्यांचं 'बी' कोणी दाखवलं तर तिथेच राम राम करा. बियांपासून सरळ येते ती साधी हरळी, आणि तिला भरपूर ऊन लागतं. तिचं बी अगदी बारीक, किलोत 40 लाखांच्या आसपास दाणे. रायच्या किलोत साधारण 5 लाख. पाकीट फोडून बघा. दाणे लांबट, कुसळासारखे दिसले तर ती हरळी नव्हे.

कार्पेटवालेही काही संत नसतात. शेजाऱ्यांकडे आलेल्या कार्पेटसोबत लव्हाळा आला, तो ते आजही उपटतायत. पात उपटली तरी जमिनीतल्या गाठी तशाच राहतात आणि पुन्हा फुटतात. म्हणून तुकडा उलटा करून बघा: मुळं पांढरी हवीत, मातीत काळपट गाठी नकोत. गुंडाळलेलं कार्पेट उन्हाळ्यात आतून तापून पिवळं पडतं, त्यामुळे काढलं त्याच दिवशी अंथरलं गेलं पाहिजे. पैसे जमिनीच्या मापाने ठरवा, तुकडे मोजून नको. खाली बिल्डरचा राडारोडा तसाच ठेवून वर दोन बोटं लाल माती पसरणारेही आहेत. खड्डा स्वतः उकरून बघा.

स्वस्तात करायचं असेल तर प्रामाणिक वाट ठोंब लावण्याची. थोडं कार्पेट आणून, ते फोडून तीन-चार इंचांवर टोचायचं. भरायला काही महिने लागतात, म्हणूनच बहुधा कोणी कंत्राटदार ती आपणहून सुचवत नाही.

पावतीवर गवताचं नाव, जात आणि क्षेत्रफळ लिहून घ्या. आमच्या चिठ्ठीवर नुसतं 'लॉन काम' होतं. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, पण तक्रारीला कागद लागतो. शेवटचा हप्ता बियांच्या कामात मे उलटेपर्यंत देऊ नका. कार्पेटच्या कामात दोन-तीन आठवड्यांनी कोपरा ओढून बघा. सहज उचलला गेला तर मुळं धरलेली नाहीत, पैसे थांबवा.