बायबल स्टडीचं अ‍ॅप छान आहे, पण ती ‘पंथ निवडा’ची यादी बदला

ऑनलाइन बायबल स्टडीसाठी ग्रुप जुळवून देणारं एक अ‍ॅप चार महिने वापरतेय. नाव देत नाही, कारण तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि बाकी अ‍ॅप खरंच चांगलं आहे, व्हिडिओ अडकत नाही, वचनाचा नंबर टाकला की तीन भाषांतरं शेजारी शेजारी उघडतात, ते तर मला फारच आवडलं. तीन स्टार देतेय.

अडचण पहिल्याच पानावर. पंथ निवडा: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, इव्हँजेलिकल, बॉर्न अगेन, फक्त ख्रिस्ती. एकच निवडायचं, नाहीतर पुढे जाताच येत नाही. मी तिथेच अडकले. नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही हे येशूने निकदेमाला सांगितलं, योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात आहे, मग बॉर्न अगेन हा वेगळा पंथ कसा झाला? शेवटी इव्हँजेलिकलवर टिक केलं, कारण माझ्यासाठी त्याचा अर्थ सुवार्तेला धरून चालणारी, एवढाच.

ग्रुप मिळाला आणि पहिल्याच मीटिंगला कळलं की त्याच शब्दावर टिक केलेले आम्ही सगळे वेगवेगळं समजून आलोय. एक भाऊ जर्मनीचे. त्यांच्याकडे एवांगेलिश म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन लूथरच्या चर्च-सुधारणेतून आलेली जुनी प्रोटेस्टंट मंडळी, आणि अ‍ॅपला जे अभिप्रेत आहे, म्हणजे नव्याने जन्म आणि वैयक्तिक विश्वासावर भर देणारे, त्यांना तिकडे एवांगेलिकाल असा वेगळा शब्दच आहे. अमेरिकेतली एक ताई म्हणाली की ती आता हा शब्द फॉर्मवर सोडून कुठेच वापरत नाही, कारण समोरचा लगेच मत कोणाला देतेस ते विचारतो. १९७६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जिमी कार्टर स्वतःला बॉर्न अगेन म्हणाले आणि न्यूजवीक साप्ताहिकाने ते वर्षच इव्हँजेलिकलांचं म्हणून छापलं, तेव्हा ती विश्वासाची ओळख होती, आज तिकडे बऱ्याच लोकांना त्यात आधी राजकारण ऐकू येतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एका जुन्या विद्यार्थी संघाने २०१७ मध्ये नावातून इव्हँजेलिकल काढून ख्रिश्चन घातलं, ते यामुळेच. ताई हे सांगताना रडवेली झाली होती, कारण आजीने तिला हाच शब्द अभिमानाने शिकवला होता. मला ते अजून आठवतं.

सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, यादी प्रमाणित आहे. हे मला अजिबात पटत नाही. प्रोटेस्टंट हा शब्द आला तो १५२९ मध्ये जर्मनीतल्या स्पायर शहरातल्या सभेत काही राजपुत्रांनी आणि शहरांनी लूथरची सुधारणा रोखणाऱ्या ठरावाविरुद्ध निषेध नोंदवला त्यावरून, म्हणजे आधी तो एका राजकीय निषेधाचा शब्द होता. मेथडिस्ट हे ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली या धर्मोपदेशक बंधूंच्या गटाला चिडवायला ठेवलेलं नाव. उलट फंडामेंटलिस्ट हे १९२० मध्ये एका बाप्टिस्ट संपादकाने आपल्याच लोकांसाठी अभिमानाने काढलं आणि आज कोणाला म्हटलं तर शिवी वाटते. आणि खुद्द ख्रिस्ती हे नाव तरी शिष्यांनी स्वतः कुठे घेतलं, ते अंत्युखिया शहरात मिळालं, बहुतेक बाहेरच्यांकडूनच, बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये ११:२६ काढून बघा. इतके फिरलेले शब्द एका ड्रॉपडाऊनमध्ये टाकून माणसं जुळवायची तर घोळ होणारच ना.

काय करता येईल ते मी कळवलंय. पंथ ऐच्छिक ठेवा आणि त्याऐवजी साधे प्रश्न विचारा, बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, प्रार्थना छापील की मनातून, प्रभुभोजनाबद्दल काय मानता. आमच्या तिसऱ्या मीटिंगला आम्ही एकमेकांना हेच विचारलं आणि जर्मन भाऊ आणि मी किती जवळ आहोत हे तेव्हा कळलं.

तोवर नव्याने जॉइन करणाऱ्यांनी ‘फक्त ख्रिस्ती’ हा पर्याय निवडा आणि परिचयाच्या रकान्यात दोन ओळी स्वतःच्या लिहा. तो रकाना तिसऱ्या पानावर अगदी खाली आहे, सहज दिसत नाही.